सुमनची तिथी आणि बर्फाची सुट्टी

पाटणच्या एसटी स्टँडवर आई रडली नाही. ट्रंक टपावर चढवताना एवढंच म्हणाली, "थंडी वाजली तर अंगावर घे, पण आजारी पडल्याचं पत्र धाडू नको." पाचवी शिकलेला मी, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात लोखंड ओतायला निघालो होतो. दोन वर्षांनी माझी बायको सुमन आली. बर्फ बघून म्हणाली, "हे काय माणसानं राहायचं ठिकाण?" आणि पन्नास वर्षं राहिली. गेल्या फेब्रुवारीत गेली.

गावाकडं थंडी पडली की आपण शेकोटीला बसायचो. इकडं लोक सुट्टी काढून बर्फात जातात. माझा मुलगा राजूही त्यातलाच. यंदा हाफ-टर्मला, म्हणजे शाळेच्या फेब्रुवारीतल्या सुट्टीत, नातीला, ईशाला, स्की शिकवायला न्यायचं ठरलं. दोन ठिकाणं होती. फ्रान्समध्ये मोठं हॉटेल, जेवण आयतं, बर्फाची खात्री. स्कॉटलंडमध्ये छोटं कॉटेज, गाडीनं आठ तास, बर्फ पडला तर पडला.

सून नीता म्हणाली, "अप्पा, तुम्हीही चला. आज बुक करायचंय. कुठलं करू?"

"कुठलंच नाही," मी म्हणालो.

त्याच सकाळी मी वर्षश्राद्धासाठी मंदिरातल्या गुरुजींना फोन केला होता. मी सुमन गेल्याची तारीख सांगितली, त्यांनी पंचांग बघितलं. म्हणाले, "काका, तिथी अकरा दिवस आधी येते." म्हणजे हाफ-टर्मचा बुधवार. राजूला श्राद्धासाठी इंग्रजी तारीख मीच दिली होती. तिथ्या बघणं हे सुमनचं काम. माझ्या आईबापाच्या तिथ्यासुद्धा तीच सांभाळायची, मी फक्त पानावर बसायचो. पण चूक कबूल करायला जीभ वळेना. राजूवरच घसरलो. "आईची तिथी माहीत नाही तुला? बर्फात नाचायला निघालास?"

त्याचं तोंड उतरलं. "अप्पा, तारीख तुम्ही दिलीत. मी महिनाअखेरची रजा त्याच्यासाठीच घेतलीय."

"श्राद्ध मुलानं करायचं असतं. तू जा घसरायला."

नीता हळूच म्हणाली, "गेल्या वर्षी आई हॉस्पिटलमध्ये होत्या, म्हणून ईशाची ट्रिप रद्द केली. पोरगी एका शब्दानं बोलली नाही."

"म्हणजे माझी बायको तुमच्या सुट्टीच्या आड आली म्हण."

हे बोलायला नको होतं. ईशा जिन्यावर बसून सगळं ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "आजोबा, मी नाय जाणार. इट्स फाइन, रिअली." सुमन दुखणं लपवायची तेव्हा असंच बोलायची.

मी नीताला विचारलं, "त्या स्कॉटलंडला स्वयंपाक करता येतो का?"

"किचन आहे, अप्पा."

"मग तिकडंच चला. श्राद्ध तिथं करू. आणि राजू, तारीख मीच चुकवली."

राजूनं फोन उचलला आणि कॉटेज बुक केलं.

बुधवारी नीतानं कॉटेजात खीर केली, वडे तळले. गुरुजी फोनवर होते. "दक्षिणेकडं तोंड करा," ते म्हणाले. राजू हातात तीळ घेऊन उभा, पण खिडकीबाहेर चारी बाजूंना नुसतं पांढरं, सूर्याचा पत्ता नाही. स्कीची पँट घातलेल्या ईशानं डोंगराचा नकाशा टेबलावर पसरला, कॉटेजच्या दारातला रस्ता बोटानं नकाशावरच्या रस्त्याशी जुळवला आणि बापाला खांद्याला धरून फिरवलं.

"बाबा, इकडे. आजोबा, तिकडे खूप खाली कॉव्हेंट्री. आपला घर."

राजूनं तिळाचं पाणी सोडलं. मी त्याच बाजूला बघत राहिलो. पन्नास वर्षं कुणी घर कुठं विचारलं की मी पाटण सांगत आलो. त्या वेळी पाटण मनात आलंच नाही. दिसला तो आमच्या पॅसेजातल्या खुंटीवरचा सुमनचा कोट, अजून तसाच टांगलेला. गावाकडच्यांनो, राग मानू नका. मी आता कॉव्हेंट्रीचाच झालोय.