चौदांतलं एक घड्याळ

माझ्याकडे चौदा घड्याळं होती, सगळी चावीची. सेलवर चालतं त्याला मी घड्याळ मानत नाही. त्याला माणसाची गरजच नसते, वर्षभर आपलं आपण चालतं आणि एक दिवस न सांगता थांबतं. चावीच्या घड्याळाला रोज हात लावावा लागतो. सकाळी आंघोळ, मग इष्टलिंगाची पूजा, आणि कपाळावर भस्म ओढलं की त्याच पाटावर बसून चौदांना चावी. तोवर चहाला कितीही उकळ्या फुटोत, चौदावं घड्याळ खाली ठेवल्याशिवाय ही कप भरत नसे. ही म्हणजे माझी बायको.

एवढी घड्याळं कशाला, असं लोक विचारायचे. मी अहमदपूरच्या बस स्टँडवर कंट्रोलर होतो. गाडी आली की वेळ लिहायची, सुटली की वेळ लिहायची, मधल्या वेळात माइकवर पुकारायचं. जन्म यातच गेला. ड्रायव्हर-कंडक्टर रिटायर झाले, त्यांच्या पोरांनी त्यांना मोबाइल घेऊन दिले, मग ते आपलं जुनं घड्याळ माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. "टाकून द्यावं वाटंना, साहेब, तुमीच ठेवा." काही मी बाजारातून उचलली. एक सासऱ्यांनी लग्नात घातलेलं, सोनेरी. आणि एक माझं ड्युटीचं, मोठ्या आकड्यांचं, काचेवर ओरखडे पडलेलं. मी रिटायर झालो, लातूरला राहायला आलो, तेव्हा सामानात आधी घड्याळांचा डबा बांधला. हिनं नाक मुरडलं, पण डबा मांडीवर घेऊन बसली तीच.

मग एका सकाळी डबा उघडला तर चौदाच्या चौदा बंद.

चावी एक दिवस आणि एक रात्र पुरते, वर थोडी. म्हणजे आदल्या सकाळी मी चावी दिलीच नव्हती. आणि मला तर दिलेली आठवत होती, पाटावर बसलेला, हातात ते सोनेरी घड्याळ, सगळं डोळ्यांपुढं होतं. ते कालचं होतं की परवाचं? मी चौदांना चावी दिली, मोबाइलवर बघून वेळ लावली आणि चहा प्यायलो. हिला काही बोललो नाही.

बोलणार काय? माझा थोरला भाऊ चाकूरला शेती करायचा. डोक्यानं एवढा तल्लख, की कुठल्या बैलाला कुठल्या साली घेतलं ते सांगायचा. शेवटी शेवटी त्याचं सगळं पुसत गेलं. एकदा भेटायला गेलो, जवळ बसलो, तर त्यानं मोठ्या अदबीनं मला विचारलं, "पाव्हणं कुठलं म्हणायचं?" मी म्हणालो, इथलाच, चाकूरचा. तर म्हणतो, "मंग आमच्या धाकट्याला वळखत असाल." धाकटा मीच. ते ऐकल्यापासून माझी किल्ली हरवली, कुणाचं नाव ओठांवर अडलं, की तो अदबीचा आवाज कानात येतो. मी भित्रा माणूस नाही. स्टँडवर दारुड्यांना कॉलर धरून बाहेर काढलंय. पण याला भितो.

त्यानंतर घड्याळं पुन्हा कधी बंद पडली नाहीत. मला हायसं वाटायला हवं होतं, पण दुसरंच सुरू झालं. रोज सकाळी एका घड्याळाला बावीस वेढे बसतात, मग चावी घट्ट लागते. हे बोटांना पाठ आहे. पण एखाद्या सकाळी पंधरा-सोळा वेढ्यांतच घट्ट. पुढचं घड्याळ घ्यावं, तेही तसंच. म्हणजे आदल्या दिवशी दुपारी केव्हातरी त्यांना चावी मिळाली होती. घरात माणसं दोन. हिनं जन्मात मनगटाला घड्याळ बांधलं नाही. हिची वेळ उन्हावर आणि नळाला पाणी येण्यावर चालते. म्हणजे मीच पुन्हा दिली आणि विसरलो. न दिलेली दिली वाटते आणि दिलेली आठवत नाही, असे दोन रोग जडले म्हणायचे.

मी कॅलेंडरवर, दुधाच्या खुणांशेजारी, पेन्सिलीनं बारीक टिंब करू लागलो. चावी दिली की टिंब. चार दिवसांत टिंबाचीही खात्री वाटेना. टिंब केलं खरं, पण चावी देऊन केलं की नुसतंच? ही म्हणाली, "कॅलेंडरकडं काय बघत बसलाव? उपास हाय का आज?" मी खेकसलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

अशात घड्याळं सर्व्हिसिंगला न्यायचं निमित्त काढून मी एकटाच नांदेडला मुलाकडे निघालो. डबा पिशवीत, मोबाइलही पिशवीत, पिशवी वरच्या रॅकवर. ड्युटीचं घड्याळ तेवढं हातात. खिडकीशी बसलो, चाकूर गेलं, वारा लागला, डोळा लागला. गाडी अहमदपूरच्या स्टँडात वळली तसा जागा झालो, उतरलो आणि सरळ कंट्रोल रूमकडे चालू लागलो. पायांना कुणी सांगायची गरज नव्हती. आत एक तरुण बाई ड्युटीवर होत्या. मला नावानं ओळखून होत्या. "या की काका, बसा," म्हणत उठल्या आणि चहा सांगायला दारापर्यंत गेल्या. मी बसलो, माझ्या खुर्चीत. समोर रजिस्टर उघडं. बाहेर गाडी सुटल्याचा आवाज आला, मी मनगटावर पाहिलं, पेन उचलला आणि लिहिलं: लातूर–नांदेड, दहा बत्तीस.

मग कळलं, ती माझीच गाडी होती.

त्या बाई माझ्या हातातल्या पेनाकडे बघत होत्या. मी म्हणालो, चहा प्यायला उतरलो आणि गाडी चुकली बघा. हसलोही. त्यांनी कंडक्टरला फोन करून पिशवी लोह्याच्या स्टँडवर उतरवून घ्यायची व्यवस्था केली, एका शब्दानं जास्त न विचारता. मुलाला उशीर होईल म्हणून कळवायचं होतं, पण त्याचा नंबर आठवेना. घरचा आठवला. तो मी न अडखळता घडाघडा सांगितला आणि त्याचा मला तशा अवस्थेतही, लहान पोराला पाढा आल्यावर होतो तसा, आनंद झाला. त्यांच्याच मोबाइलवरून हिला सांगितलं, चहा पीत बसलो आणि गाडी सुटली. "बरं," ही म्हणाली, "पोराला सांगते मी."

पुढच्या गाडीत बसून लोह्याला पिशवी घेतली आणि नांदेडपर्यंत ती छातीशी धरून बसलो. डोळा मिटायची हिंमत झाली नाही. तेवढ्या वाटेत ठरवलं, की चौदा घड्याळं सांभाळणं आता आपलं काम नाही. एक ठेवायचं. एकाची आठवण राहील. आणि एकाचं चुकलं तरी ते चौदांसारखं डब्यातून सगळ्या घराला दिसणार नाही.

नांदेडच्या जुन्या बाजारात घड्याळवाले चाचा आहेत, माझ्याहून वयानं मोठे. डब्यातलं सोनेरी घड्याळ मी मुलासाठी बाजूला काढलं, बाकीची बारा त्यांच्यापुढे सारली आणि म्हणालो, "सर्व्हिसिंग नको. ठेवूनच घ्या."

"सब के सब? हौर तुमे क्या पैनते साब?"

मी मनगट दाखवलं. चाचांनी घड्याळ काढून घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि मान हलवली. चावीचं डोकं झिजलेलं, नुसतं फिरवायला गेलं की बाहेर निघून येतं. खालून अंगठ्याच्या नखाचा टेका द्यावा लागतो. "येच रखते? बारा में इत्ते अच्छे अच्छे हैं." मला तेच हवं होतं. नखाची ती खोड माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती, आणि आपल्याला अजून काही नीट ठाऊक आहे असं मला कुठंतरी वाटायला हवं होतं. निघताना चाचांनी बारा घड्याळं एकेक कानाला लावून पाहिली. मी मागं वळलो नाही, वळलो असतो तर सगळी परत आणली असती.

घरी हिला सांगितलं, पुरे झाला छंद, जागा अडते. "बरं झालं," ही म्हणाली. सोनेरी मुलाला दिलं म्हटल्यावरही तेवढंच. मला राग आला. तीस-बत्तीस वर्षं डब्याची धूळ पुसणाऱ्या बाईला दोन शब्द जास्त सुचू नयेत.

एकाच घड्याळाचे पहिले दिवस बरे गेले. बावीस वेढे, मग चहा. मग एका सकाळी पंधराव्या वेढ्याला चावी घट्ट लागली.

मी पाटावर बसून राहिलो. एकाचीही आठवण राहत नव्हती. स्वयंपाकघरात चहा उतू जायला आला होता. चहापाशी ही होती, घरातलं दुसरं माणूस. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर चावी न देता घड्याळ तसंच हातात घेऊन आत गेलो आणि हिच्यापुढं धरलं. "आज तू दे चावी."

मनात एकच होतं. हिनं नखाचा टेका न देता चावी उपसून काढली, तर हिला काही ठाऊक नाही, आणि मग देऊन विसरणारा मीच.

हिनं पदराला हात पुसले. घड्याळ घेतलं, उलटं धरलं, डाव्या अंगठ्याचं नख चावीखाली टेकवलं आणि उजव्या हातानं फिरवू लागली, हलक्या हातानं, ओठांत मोजत. बावीसला थांबली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सगळी बंद पडली हुती बघा, तवापासून. कसं तोंड करून बसला हुतात." तिनं घड्याळ कानाला लावलं. "सकाळी तुमचं ऱ्हायलं की दुपारी तुमी घड्याळ काढून निजल्यावर मी द्यायची. परवा बी दिली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी कुठं बोललात? अहमदपूरचं तरी बोललात का? स्टँडवरच्या त्या पोरीनं फोन केला हुता, काका नीट पोचले का म्हून. रडायला आली हुती बिचारी."

मी स्टुलावर बसलो. दोन रोगांपैकी एक खोटा निघाला होता, आणि दुसरा होताच. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त सुटल्यासारखं वाटलं. एवढे दिवस मी जे हिच्यापासून लपवत होतो, तेच ही माझ्यापासून लपवत होती.

"चौदांना चावी देऊन अंगठा सोलून निघायचा," ती कप भरत म्हणाली. "एक ठेवलं ते लई बरं केलं."

मग कप माझ्यापुढं ठेवून, माझ्याकडं न बघता, तिनं सांगितलं की मुलानं नांदेडच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, सोमवारची.

"मी बी येणार हाय. खिडकीकडं तुमी बसायचं, कडंला मी. अहमदपूर आलं की उतरायचं न्हाई."

मी "हाव" म्हणालो. मनगट पुढं केलं आणि पट्टा तिनं बांधला.