वडिलांची समाधी

माझे वडील संन्यासी होऊन गेले तेव्हा मी चौथीत होतो. मार्गासनीच्या घरात आई, मी आणि एक गाभण म्हैस एवढेच उरलो. पुढं कळलं, की हिर्डोशीच्या वरच्या अंगाला रानातल्या एका जुन्या मठात ते राहतात. दीक्षा घेताना त्यांनी स्वतःचं श्राद्ध स्वतःच्या हातानं घातलं, हेही आम्हाला दुसऱ्यांकडूनच समजलं. हळूहळू त्या खोऱ्यातली माणसं त्यांना महाराज म्हणू लागली, त्यांना नवस बोलू लागली. आई भात लावत राहिली. त्यांचा विषय तिनं घरात कधी काढला नाही, आणि दुसऱ्या कुणी काढला तर वाईटही बोलली नाही.

अलीकडंच, थंडीत, मठातून मोबाईलवर निरोप आला. महाराज देह ठेवणार आहेत, यायचं तर या. एसटीनं भोर, तिथून जीपनं हिर्डोशी आणि पुढची चढण पायी. आई वाटेत कुठंही टेकली नाही.

ते घोंगडीवर पडले होते. पोटात गाठ होती. दवाखाना नको असं त्यांनीच सांगितलं होतं आणि शिष्यांनी ते ऐकलं होतं. पाठीला जखमा पडल्या होत्या, त्यांच्या वासाला धूप पुरत नव्हता. थोरल्या शिष्यानं मला आत घेतलं आणि आईला उंबऱ्याबाहेर बसायला सांगितलं. संन्याशाला बायको नसते, असं तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात अपमान नव्हता. आई बसली.

तिच्या खोकल्यावरून त्यांनी ओळखलं असावं. मान वळवायला त्यांना बराच वेळ लागला.

“रडू नका,” ते म्हणाले. “मी काय मरत न्हाई. घरी निघालोय. तितनं परत यायचं नसतं.”

“आमच्या घरातनं बी तुमी असंच निघाला व्हता,” आई म्हणाली.

ते तिच्याकडं बघत राहिले. त्यांना भीती वाटत होती का, ते मला आजही सांगता येत नाही. दुपारी श्वास लागला. शिष्य नाम घेत होते. शेवटी मात्र, डोक्यावरचा भारा टाकल्यावर माणसाचा होतो तसा त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते मी जवळून पाहिलंय.

मग घाई सुरू झाली. अंग ताठायच्या आत पद्मासन घालायला हवं होतं. एक गुडघा मोडेना. दोघांनी दाबून तो बसवला, तेव्हा आवाज झाला. मठामागच्या मुरमात खड्डा आधीच खणून ठेवला होता. पहारीचे घाव त्यांना आत पडल्या पडल्या ऐकू गेले असणार. भोरहून मिठाची पोती आणलेली होती. वडिलांना खाली बसवलं, हनुवटीखाली कुबडीचा टेकू दिला. थोरल्या शिष्यानं शंख उचलला. टाळूतून प्राण मोकळा व्हावा म्हणून संन्याशाच्या डोक्यावर शंखानं घाव घालतात, ही रीत मला तोवर माहीत नव्हती.

“हळू मारा,” आई म्हणाली.

शिष्याचा हात थांबला. त्यानं खरोखरच हळू मारलं, आणि म्हणून त्याला पुन्हा मारावं लागलं. मीठ छातीपर्यंत आलं, गळ्यापर्यंत आलं, मग चेहरा झाकला गेला. वर माती पडली. लोकांनी जयजयकार केला. महाराज गेले नाहीत, अमर झाले, असं जो तो एकमेकांना सांगत होता.

मार्गासनीला परतल्यावर भावकीतल्या बायका आईचं कुंकू पुसायला आल्या. आईनं त्यांना ओटीवर बसवलं, पाणी दिलं.

“मठातली म्हनत्यात, ते मेलं न्हाईत,” ती म्हणाली. “आन मेलं असतील, तर सवताचं सराद घातलं तवाच मेलं. मंग म्या कोंच्या दिसाला पुसू?”

चुलती चिडली, चारचौघांत शोभत नाही म्हणाली. शेवटी सगळ्या उठून गेल्या. त्या संक्रांतीला आईला कुणी वाण दिलं नाही.

उन्हाळ्यात एका सकाळी ती परड्यातून आत आली ती मोकळ्या कपाळानं. हातात बांगड्या नव्हत्या. मी काय झालं म्हणून विचारलं.

“आता गेल्यावानी वाटतंय,” ती म्हणाली.

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. दुपारी शेजारणीनं पिठलं-भाकरी आणली आणि काही न विचारता ठेवून गेली.