इंदूबाईच्या गाण्यातली सावली

इंदूबाईला घरी बसून गाणं कधी सुचलं नाही. बाभुळगावजवळच्या एका गावात ती कपाशी वेचायला जायची. कमरेला झोळी बांधली, हात बोंडांकडे गेले, की ओळी आपोआप यायच्या. पारख करणाऱ्या बायाही तिथंच. दुसऱ्या दिवशी एखादीनं वेचता वेचता ते आपणहून गुणगुणलं तर गाणं जगलं, नाहीतर मातीत गेलं.

पण गाणं गावच्या बुद्धविहारात जायचं तर तिथं पेटी वाजवणाऱ्या म्हाताऱ्या भीमराजबुवांनी सूर द्यायला हवा. त्यांनी भाता मिटला की विषय संपला.

यंदा विहाराच्या वर्धापनदिनासाठी तिला गाणं सुचलं: 'बुद्धाचा पिंपळ, त्याची सावली, तिथं थकल्या बायाईले माय गावली.' तालमीत तिनं दोनच ओळी म्हटल्या आणि बुवांनी भाता मिटला.

"गाणं बेस हाय. सावली काढ."

"काहून जी बुवा?"

"मले तो शब्द विहारात नाई पाह्यजे."

इंदूबाईची नात मोनाली यवतमाळला मराठीत एम.ए. करत होती. तालमीला तीही आली होती. तिला राहवेना. "आजोबा, केवढा गोड शब्द हाय तो! अंगाईत सावली म्हणजे माया, लग्नाच्या गाण्यात सोबत. कवितेत कुठं म्हातारपण, कुठं एकटेपण. अन् भुताच्या गोष्टीत तर सावली नसलेल्या माणसालेच भ्यायचं!"

"आन माह्या आज्याच्या गोष्टीत?" बुवा म्हणाले. "तो बाजारात जाये तो बरोबर माथ्यावर ऊन आल्यावर. तवा सावली पायाखाली गोळा होते, कोणाच्या ओट्यावर पडत नाई. मीठ-मिरची घेऊन तळपाय भाजत घरी येये. लोकं हसत, म्हणत, म्हाताऱ्याले ऊन लय आवडते."

इंदूबाईनं पदर सावरला आणि ती उठली.

घरी तिनं 'छाया' घालून पाहिलं. छाया गाण्यात शहरातल्या पाहुण्यासारखी अवघडून बसली. 'गारवा' घातला तर यमक लंगडलं. सकाळी वेचणीला गेली, तर पलीकडच्या ओळीत बाया खुशाल 'सावली, गावली' म्हणत होत्या. जगलेलं गाणं आता मारायचं कसं? आणि बुवांच्या सुराशिवाय ते विहारात न्यायचं कसं?

ऊन कललं. कापूस मऊ पिवळा दिसू लागला. इंदूबाईची सावली लांबली, शेजारणीच्या ओळीवरून गेली, धुऱ्याच्या बांधावर चढली, तूर ओलांडून पार नाल्याकडे निघाली. तिला कुणी अडवलं नाही. हात वेचत होते, डोळे तिच्यामागं चालले होते. मग कपाशीतून एक म्हातारा येताना दिसला, तिनं कधी न पाहिलेला. चिखलातून जाताना धोतर सावरावं, तशी तो आपली सावली पायाशी सावरत होता. भर दुपारचा माणूस, आणि भोवती सारी सांज उतरलेली. त्याला हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडलं, तर ओळी आल्या.

झोळीही न सोडता ती बुवांच्या अंगणात उभी राहिली.

"सावली नाई काढली, बुवा. अजून एक टाकली."

"म्हणजे तू आयकतच नाई कोणाचं!"

"आंधी आयका त!" आणि ती हळूच म्हणाली:

"आज्या, तुही सावली आता पडू दे लांब,
सांज होईस्तोवर तू बाजारात थांब."

बुवा म्हणाले, "माहा आजा संध्याकाळपावतर बाजारात कधीच थांबला नाई, बाई."

"म्हणून त थांबवून राह्यली."

"जाय, सैपाकाचं पाह्य."

ना हो, ना नाही. मोनालीनं विचारलं तर सांगणार काय?

वर्धापनदिनाला वंदना झाली. इंदूबाई बायांच्या घोळक्यात उभी राहिली. बुवांची बोटं पेटीवर तशीच पडून होती. मग भाता हलला, सूर निघाला, आणि तिच्या मागून साऱ्या जणींनी गाणं उचललं. शेवटचं कडवं आलं तसा बुवांनी हात वर केला. बाया थांबल्या. ते कडवं बुवांनी एकट्यानं म्हटलं. 'थांब'वर आवाज चिरला. त्यांनी परत म्हटलं. परत चिरला. इंदूबाई पेटीशेजारी खाली बसली आणि पट्टी उतरवून, त्यांना झेपेल अशा आवाजात सोबत म्हणू लागली.

मागं जेवणाचा भात निवत होता. कुणी उठलं नाही.