दुधातली मुळी

आमच्या अंजनगावात पानमळ्यात कुणी चपला घालून शिरत नाही. मामलेदार का येईना, त्याच्या वहाणा कुंपणाबाहेर. हा नियम सगळ्यांत कडक पाळायचे ते माझे बाबा, खुशालराव. नागवेलीच्या पानांवर आमचं घर चालायचं. बाबा उजाडलं की मळ्यात. वेल बांधताना कुणाचा हात ढिला दिसला की अस्से खवळायचे की बाप्पा रे! म्हणून १९५८ सालच्या त्या सकाळी ते चपलांसकट वेलींमधून चालत गेले, तेव्हा माझ्या मायच्या, मनकर्णाच्या, हातातून घागरच सुटली.

"अजी, चपला!"

बाबांनी खाली पाहिलं. "हो न," म्हणाले, आणि तसेच पुढं गेले.

मी पंधरा वर्षांची. मला हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू? मायकडं पाहिलं तेव्हा ते जिरलं. 

त्याच्या तीन महिने आधी बाबांना चक्कर यायला लागली होती. गावातल्या डॉक्टरनं रक्तदाब वाढल्याचं सांगितलं आणि बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या. चक्कर थांबली. गुण आला म्हटल्यावर गोळीकडं बोट कोण दाखवणार? पण बाबा हळूहळू बसायला लागले. आधी ओट्यावर, मग विहिरीच्या काठावर. पानं खुडायची राहिली, वेली लोंबायला लागल्या, तरी ते बसलेलेच. लोक म्हणाले, खुशालभाऊ आळशी झाला. त्या लोकांचा मला आजही राग येतो. आळशाला बसण्यात सुख असतं हो! बाबांना कशातच नव्हतं.

"जेवा न, बाबा," मी म्हणायची.

"भूक म्हंजे काय असते, तेच ध्यानात येत नाई पोरी. सारं समजते, पन आतून कोनी उठवतच नाई."

त्या सकाळनंतर शेजारी म्हणाले, कुणीतरी करणी केली, आणि देवऋषी सुचवला. माय मात्र झाडपाल्याच्या घरातली. तिचे वडील मुळ्या देत, आणि आमच्या कुंपणाशीही तिनं चार औषधी झुडपं लावली होती. त्यांत एक सर्पगंधा. आमच्याकडं तिला येड्याची मुळी म्हणत. डोकं फिरलेल्याला द्यायची, शांत होतो. मायनं मुळी उगाळली आणि रोज सकाळी दुधातून बाबांना द्यायला लागली. आठ दिवसांत फरक पडला नाही, तेव्हा तिनं दुप्पट केली. बाबा मुकाट्यानं प्यायचे. वर ती डॉक्टरची गोळीही ती स्वतःच न चुकता हातावर ठेवायची.

 बाबांचे हात थरथरायला लागले. बोलणं जवळजवळ बंद झालं. माय मला सारखी बजावायची, "विहिरीपाशी त्याईले एकटं सोडू नको, शकुन." कशाची भीती ते तिनं कधी तोंडानं म्हटलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसायची, त्यांच्या धोतराचं टोक मुठीत धरून. शाळा सुटली, खेळ सुटला. एका दुपारी विहिरीच्या काठावर ते म्हणाले, "तू जाय घरी. आता मले एकट्याले राहू दे." आवाज कधी नव्हता इतका मऊ होता. मी त्यांच्या कमरेला मिठी मारून जीव खाऊन ओरडले. पुंजाजीकाका शेजारच्या मळ्यातून धावत आले.

दुसऱ्याच दिवशी काकांनी आम्हाला मोटारीनं अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टर कमलाकांत यांनी बाबांना तपासलं, काकांबरोबर बाहेर बाकावर बसवलं आणि विचारलं, "पोटात काय काय जातं त्यांच्या?" मायनं मोठ्या विश्वासानं पदराची गाठ सोडली. टेबलावर गोळ्या ठेवल्या, शेजारी मुळीची पुडी.

डॉक्टरांनी पुडी हुंगली आणि चष्मा काढला.

"बाई, ही गोळी याच मुळीची केलेली असते."

मायला कळेना. ते सावकाश सांगायला लागले. "उठावं, खावं, हसावं असं वाटायला मेंदूत काही द्रव्यं लागतात. ही मुळी त्यांचा साठा रिकामा करते, असं आता लक्षात येतंय. खवळलेल्या माणसाला त्यानं शांतता येते. तुमचे मालक खवळलेले नव्हतेच, ते विझत चालले होते. सगळ्यांनाच असं होतं असं नाही. आम्हालाही अजून पुरतं माहीत नाही."

"म्हंजे मीच..." माय म्हणाली. 

दोन्ही बंद झालं; बाबांना सकाळचं दूध तसंच मिळायचं, पण नुसतं. रक्तदाबाला दुसरं औषध आणि बिनमिठाचं जेवण. बाहेर येताना मायनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. "मायी आन हाय तुले. बाबाले सांगू नको."

तीन आठवडे आम्ही बाबांना क्षणभरही एकटं सोडलं नाही. मग एके सकाळी ते मळ्याच्या कुंपणाशी थांबले, चपला काढल्या आणि आत जाऊन एक लोंबती वेल बांधली. माय तिथंच मातीत बसून रडली.

पण खरी शिक्षा पुढंच होती. बाबा गावभर सांगत सुटले, "शकुनच्या मायच्या मुळीनं वाचलो मी!" ते म्हणाले की मायचा चेहरा उतरायचा. वर्षभर हे चाललं. ती झुडपं तिनं कधीच उपटून टाकली होती.

एकदा दुपारी बाबा जेवायला बसलेले असताना शेजारची गंगूबाई आली. तिची सून बाळंत होऊन महिना झालेला. "लेकराले हात लावून नाई राहिली वं. भिंतीकडे पायत बसते. तुयी मुळी दे न थोडी."

"दे न वं!" बाबा म्हणाले. "मी काय उगाच उठलो?"

मायनं हातातली भाकरी खाली ठेवली.  ती गप्प बसली असती, मुळी संपली म्हणाली असती, तरी चाललं असतं.

"त्या मुळीनं तुमी उठले नाई," ती म्हणाली. "त्याच मुळीनं बसले होते. मीच पाजून राहिली होती, दुधातून, दुप्पट. डॉक्टरनं मले तवाच सांगतलं. गंगूबाई, सुनेले अकोल्याले ने. मुळी नको देऊ, कोनाचीच."

 डॉक्टरांचं नाव मीच गंगूबाईला सांगितलं आणि ती गेली. बाबा ताटाकडं बघत होते.  विहिरीवरचा तो मऊ आवाज आता पुन्हा येईल, अशी मला भीती वाटली.

"माया हाताचं भेव वाटत असन," माय कशीबशी म्हणाली, "त शकुन वाढते."

"वाटते न भेव," बाबा म्हणाले. मग त्यांनी ताट तिच्याकडं सरकवलं. "पन भूक बी लागली. वाढ."