गच्चीवर वाजलेली थंडी

कॉलेजात मी फ्रेंच घेतलं तेव्हा घरात कुणी का म्हणून विचारलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काय विचारावं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. या सत्रात हवामानबदलावरच्या फ्रेंच कथा आणि चित्रपट होते. मॅडमनी सांगितलं, एक चित्रपट घरच्यांसोबत बघा आणि ते काय म्हणाले ते लिहून आणा.

शुक्रवारी अब्बांना सुट्टी असते. इथे आखातात, अल रय्यानच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी लॅपटॉप लावला. चित्रपट मी आधी बघितलेला होता. बेल्जियममधल्या एका शहरात उष्णतेची लाट येते आणि छपरं दुरुस्त करणारा एक माणूस काम थांबवत नाही, एवढीच गोष्ट. खालची इंग्रजी अक्षरं वाचून मी मराठीत सांगत होते. अब्बा एसी मेकॅनिक, त्यांचं सगळं लक्ष त्याच्या कामावर.

"टोपी बघ गो त्याची! हा छपरावर चाललाय की लग्नाला?"

अम्मी हसली. पडद्यावर तो माणूस मटकन बसला आणि दंड चोळू लागला. मी सांगितलं, "म्हणतोय, थंडी वाजतेय."

"वाजते," अब्बा म्हणाले.

"म्हणजे?"

"घाम थांबतो आणि अंगावर काटा येतो. मंगळवारी मला आला, अल सद्दला एका बिल्डिंगच्या गच्चीवर. टाकीच्या सावलीत बसलो. खलास, काटा गेला."

"दुपारी तर काम बंद असतं ना?"

"सकाळचे नऊ पण नव्हते वाजले."

उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरचं काम बंद ठेवायचा इथला नियम, त्याच्या भरवशावर मी उन्हाळाभर निर्धास्त होते. सकाळचा विचारच केला नव्हता.

"कंपनीत सांगितलंत?" अम्मीने विचारलं.

"सांगून काय? अनफिट लिहिलं तर नोकरी जाणार, व्हिसा जाणार, आपण तिघं परत रत्नागिरीला. मग हिचं कॉलेज?"

मी चित्रपट थांबवला.

"लाव की. पुढे काय होतं त्याचं?"

खोटं सांगावंसं फार वाटलं. मी सांगेन तेच त्यांना कळणार होतं.

"मरतो, अब्बा. दुसऱ्या दिवशी परत चढतो आणि मरतो."

त्यांनी स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "सुपरवायझरला लिही, इंग्रजीत. उद्या डॉक्टरकडे जायचंय म्हणून. कॉलेजचं बघू, इन्शाल्ला."

मी मंगळवारी झालं तसंच लिहिलं, त्यांना मराठीत वाचून दाखवलं आणि पाठवलं. झोपायची वेळ झाली तरी उत्तर आलं नाही. अब्बांनी कामावर जायचा पहाटेचा अलार्म बंद केला नाही, आणि बंद करा म्हणायचं माझं धाडस झालं नाही.