खोकणारी गाडी आणि पितळी जेट

पाथरीच्या मिस्त्रीवर माझा पहिल्या दिवसापासून संशय. माणूस फार नम्र. एवढा नम्र माणूस कार्बोरेटर उघडायला लागला की मी खुर्ची ओढून समोरच बसतो.

गाडी माझ्याहून वयानं मोठी. पंचवीस वर्षांपूर्वी नवी बायको घेऊन तिच्यातून उटीला निघालो, तर घाटात काळा धूर सोडून ती बसली. कोबीच्या टेम्पोतून आम्ही मधुचंद्राला पोचलो. आता पुन्हा जायचं ठरलं, तेव्हा बायकोनं अट घातली, "ह्या बारीला बसली, तर तिथंच विकायची."

मिस्त्री म्हणाला, "वर हवा पातळ, साहेब. पेट्रोल कमी सोडावं लागतंय." पेट्रोल ज्या भोकातून जातं तो जुना पितळी जेट त्यानं काढला, बारीक भोकाचा बसवला. जुना पुडीत बांधून हसत माझ्या हातात ठेवला. हसला का?

ताडकळसपर्यंत चालवून पाहिली. खोकत गेली, खोकत आली.

"मिस्त्री, खोकायलीय की हो!"

"म्हंजे बराबर बसलाय. इथं खोकली तरच वर पळंल. तवर चोक जरा ओढून चालवा."

वा! गाडी बिघडली, हाच दुरुस्तीचा पुरावा! आणि खात्री करायला पार निलगिरीपर्यंत जायचं! मनातल्या मनात मी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन गुपचूप स्क्रूड्रायव्हर घेतला, जुना जेट परत बसवला, बारीक जेट माळ्यावर टाकला. गाडी कशी शहाण्यासारखी चालू लागली!

उटीच्या घाटात पुन्हा काळा धूर. गाडी बसली. बायको खाली उतरून येणाऱ्या-जाणाऱ्यांत गिऱ्हाईक शोधू लागली. मी हळूच मिस्त्रीला फोन लावला.

"खरं सांगा साहेब, जेट काढला न्हाई का तुमी?"

आता मी खोकलो.

"बाईसाहेबाला द्या फोन."

बायकोनं ऐकलं, "हाव" म्हणाली आणि पर्समधून कुंकवाचा करंडा काढला. आत दुसरा बारीक जेट! 'साहेब पयला काढून टाकणार' म्हणून मिस्त्रीनं निघण्याआधीच तिच्याकडं दिलेला. म्हणजे संशय घ्यायला मी एकटाच नव्हतो.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर ह्यो बी माळ्यावर गेला असता."

माळाही तिनं बघून ठेवला होता.

जेट बसवला. धूर थांबला, गाडी घाट चढून गेली. वर पोचल्यावर, आता विकायला लावते का, म्हणून मी बायकोच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो.

"गाडी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "स्क्रूड्रायव्हर इकडं द्या."