विहीणबाईंची यूरमूर

आमच्या विहीणबाईंसारखी शब्दाचा पिच्छा पुरवणारी बाई अख्ख्या शारजात दुसरी नसेल, आणि असलीच तर देवाने तिला आमच्या बिल्डिंगपासून लांब ठेवावं. माझा जावई त्यांचा मुलगा, म्हणून आम्ही दोघी म्हाताऱ्या इथल्या रोल्ला भागातल्या एकाच खोलीत. पळून जाणार कुठे? त्यांची धाकटी लेक नॉर्वेत, दिवस भरत आलेले, आणि यांचा व्हिसा काही येईना. लेकीचं बाळंतपण आईनेच करायचं, हा हट्ट. डिंकाचे लाडू वळून डबा बॅगेत, बॅग दाराशी. येताजाता तिला ठेचकाळून माझा अंगठा सुजला.

त्यात लेक फोनवर म्हणाली, "आई, काळजी नको, इथे यूरमूर असते." यूरमूर म्हणजे तिकडची सुईण. झालं! विहीणबाईंनी तो शब्द शेंगेसारखा सोलला. यूर म्हणजे माती, मूर म्हणजे आई. "नोकरीच्या नावात आई? पगार घेऊन आई?" लिफ्टमध्ये तेच, किराणावाल्या मलबाऱ्याकडे तेच. टॅक्सीवाल्यालाही हिंदीतून समजावलं. तो बिचारा "इन्शाल्ला" म्हणाला. नातू म्हणाला, "आजी, इट्स जस्ट अ जॉब," तर त्याच्याशी अबोला. ऐकून ऐकून मी थकले हो.

पुढे लेकीने वाचून सांगितलं, की फार जुन्या भाषेत पहिला तुकडा मुळी 'बाळ' असा होता म्हणतात, नंतर लोकांच्या तोंडी त्याची माती झाली. विहीणबाईंनी कानांवर हात ठेवले. "शुभ बोल गं! पोटुशी आहेस!" मग लेकीने दुसरा अर्थ काढला: जमिनीवर उपजलेलं मूल उचलून घेते, ती. "हा बरा," म्हणाल्या. पण तोंड उतरलं. मला हळूच म्हणाल्या, "उचलायला मी हवी होते हो."

व्हिसाच्या आधी बाळच आलं. व्हिडिओ कॉलवर नात दिसली, आणि तिला धरलेली उंच, पिंगट केसांची, दमून गेलेली एक बाई, तीच ती यूरमूर. आता उलटतपासणी होणार, म्हणून मी पदर सावरून बसले. विहीणबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "अगं, तिने काही खाल्लंय का, विचार. आणि पाचवीला तिची ओटी भर. नारळ नाही मिळाला तर सफरचंद घाल."

फोन ठेवून त्यांनी बॅगेतला डबा काढला. "घ्या विहीणबाई. बाळंतिणीचे आहेत, पण दमलेल्या बाईलाही चालतात." डिंक थोडा कच्चा राहिला होता, दाताला चिकटत होता. मी अख्खा लाडू संपवला.

बॅग अजून दाराशीच आहे. मी वळसा घालून जाते.